बोर्डाच्या कागदावर एक ओळ जास्त लिहा: लष्करी वैद्यकीय मंडळांना आणि अपंगत्व पेन्शनचे दावे तपासणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लष्करी वैद्यकीय मंडळांवर बसणारे डॉक्टर अधिकारी,
तसेच अपंगत्व पेन्शनच्या दाव्यांवर आणि अपिलांवर निर्णय देणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली अंगणवाडी सेविका. माझे यजमान जानेवारी 1998 मध्ये भरती झाले आणि नोव्हेंबर 2006 मध्ये बोर्ड आउट होऊन, म्हणजे वैद्यकीय मंडळाने सेवेला असमर्थ ठरवल्यामुळे, घरी आले. पायदळात आठ वर्षं दहा महिने. त्यातली दोन वर्षं कुपवाड्याकडच्या चौकीवर आणि नंतर 'ऑपरेशन पराक्रम'च्या वेळी दहा महिने राजस्थानच्या सीमेवर. त्यांना फीट येते. डॉक्टर तिला अपस्मार म्हणतात, आमच्याकडे आकडी म्हणतात.

आमच्या घरात त्यांची पल्टणीतली काळी लोखंडी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आहे, आता निम्मे आकडे उडालेत. तिच्यात कपड्यांच्या खाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या मेडिकल बोर्डाचे कागद ठेवलेत. एएफएमएसएफ-16 असं त्या नमुन्याचं नाव, हे मला आता झोपेतही सांगता येतं. घडीवर कागद फाटला म्हणून मी मागून चिकटपट्टी लावली आहे. त्यावर लिहिलंय: अपंगत्व 20 टक्के. शेजारच्या रकान्यात, हे अपंगत्व सैन्यसेवेमुळे झालं का? नाही. सैन्यसेवेने वाढलं का? नाही. कारण काय? तिथे इंग्रजीत दोनच शब्द: 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर'. म्हणजे मुळातला, प्रकृतीतलाच दोष.

या दोन 'नाही'ला तुमच्या भाषेत 'नाना' म्हणतात, हे मला खूप उशिरा कळलं. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून झालेला शब्द. आमच्याकडे नाना म्हणजे घरातला मोठा माणूस, ज्याच्याकडे अडचणीत जायचं. यजमान एकदा म्हणाले, "मला नाना दिला," तेव्हा मला वाटलं कुठल्या साहेबाचं नाव सांगतायत.

त्यांची पहिली फीट मी पाहिली नाही. ती 2004 साली पल्टणीत आली, रात्रीच्या पहाऱ्यावर. पल्टण तेव्हा शांत ठिकाणी होती, आणि पुढे हेच त्यांच्या विरोधात गेलं. मी पाहिलेली पहिली फीट त्यांच्या सुट्टीतली. बाजरीची मळणी चालली होती, हे सुपाने धान्य वाऱ्यावर देत होते. सूप हातातून पडलं, मग ते. मान एका बाजूला ओढली गेली, दात घट्ट बसले. खळ्यावरची माणसं धावली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी पायातली चप्पल काढून तोंडाशी आणली. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते शुद्धीवर आले, तेव्हा सगळ्यांकडे बघून पहिलं वाक्य बोलले, "रायफल कुठाय?"

त्या माणसाला तुम्ही 20 टक्के लिहिलंत.

मला वैद्यकशास्त्र कळत नाही. आकडी किती वेळा येते, गोळीने किती आटोक्यात राहते, यावरून टक्के ठरत असतील, आणि ते तुमच्या पुस्तकाप्रमाणे बरोबरही असतील. मला सांगायचंय ते वेगळं आहे. ते 20 टक्के घेऊन हा माणूस गावी आला, तेव्हा त्याला कुठलं काम करता आलं, एवढंच सांगते.

लष्करातून आलेल्या माणसाला आमच्या भागात तीन कामं हमखास मिळतात: ड्रायव्हर, सिक्युरिटी गार्ड, नाहीतर घरची शेती. यजमानांना पल्टणीत गाडी शिकवली होती. ते परवाना काढायला गेले. परवान्याच्या अर्जासोबत नमुना 1 भरून द्यावा लागतो, स्वतःच्या तब्येतीचं प्रतिज्ञापत्र. त्यातला पहिलाच प्रश्न: तुम्हाला अपस्मार आहे का, किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का? खोटं लिहायला त्यांचा हात धजला नाही. अर्ज तसाच घडी घालून परत आणला. मग पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या गेटवर गार्ड म्हणून लागले. अकरा दिवस टिकले. बाराव्या दिवशी गेटवरच आकडी आली, समोर ट्रक उभा होता. सुपरवायझर भला माणूस होता, त्याने दोन दिवसांचा पगार जास्त दिला आणि गाडीत बसवून दिलं. बंदूक हातात द्यायला तर कुणी तयारच नव्हतं. राहिली शेती. आमची विहीर सत्तर फूट आहे, कठडा नाही. मोटर सुरू करायला त्यांना एकट्याने जाऊ देत नाही आम्ही. ट्रॅक्टरवर चढू देत नाही. चुलीजवळ बसले तरी सासूबाई लक्ष ठेवून असायच्या. गावात कुणी रोजगाराला बोलावलं तर चार दिवसांनी म्हणतं, "नको बाबा, काही झालं तर आमच्यावर येईल." यात कुणाला दोष द्यावा?

म्हणजे कागदावर 20 टक्के आणि घरात शंभर. पेन्शन लागेपर्यंत आमचं घर माझ्या अंगणवाडीच्या मानधनावर आणि सासऱ्यांच्या चार शेळ्यांवर चाललं.

मी रोज नोंदवह्या भरते, आता त्या मोबाईलमध्ये भराव्या लागतात. मुलाचं वजन घेते, उंची घेते, दंडाला पट्टी लावते. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की मूल तीव्र कुपोषित, आमच्या भाषेत सॅम. आकडा लिहून माझं काम संपत नाही. मूल काय खातं, आई कामाला जाते का, मागच्या महिन्यात जुलाब झाले होते का, कुठे पाठवलं, पुढे काय झालं, हे सगळं बघावं आणि नोंदवावं लागतं. पर्यवेक्षिका येतात तेव्हा विचारतात, "अकरा लिहिलंय, पण का?" मी जर लिहिलं असतं, 'मुळातच अशक्त, अंगणवाडीशी संबंध नाही', तर? त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली असती आणि म्हणाल्या असत्या, बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला हे चालत नाही. तुम्हाला का चालतं?

आणि हे चालू नये असं तुमचेच नियम सांगतात. यजमानांना लागू होणारे नियम 1982 चे. नियम 5 म्हणतो, भरतीच्या वेळी नोंदवलेली व्याधी सोडून जवान तब्येतीने धडधाकट होता असं धरून चालायचं, आणि पुढे प्रकृती बिघडून त्याला काढावं लागलं तर ती सेवेमुळेच बिघडली असं मानायचं. नियम 9 म्हणतो, आपला हक्क सिद्ध करायला जवानाला सांगायचं नाही. रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि जो सीमेवर, मोहिमेवर राहिला त्याला तर जास्त उदारपणे. नियम 14 म्हणतो, ज्या आजारामुळे घरी पाठवलं त्याची नोंद भरतीच्या वेळी नसेल, तर तो आजार सहसा सेवेतच उद्भवला असं समजायचं. नसेल समजायचं, तर भरतीच्या तपासणीत तो सापडणं शक्य नव्हतं हे डॉक्टरांनी कारणांसह सांगायचं.

कारणांसह. मराठीत एक शब्द आहे, पण आमचं सगळं आयुष्य त्या शब्दावर अडलं होतं. 1998 च्या भरतीत त्यांना पळवलं, छाती मोजली, डोळे-कान तपासले, तळपाय पाहिले. तेव्हा दोष सापडला नाही. आठ वर्षांनी दोन शब्दांत सापडला.

अगदी आमच्यासारखीच एक गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, हे मी नंतर वाचलं. धरमवीर सिंग नावाचे सिग्नल कोअरचे जवान. 1985 ला भरती, 1994 ला बोर्ड आउट. आजार फीटचा, अपंगत्व 20 टक्के, आणि मंडळाचं मत तेच: सेवेशी संबंध नाही. 2 जुलै 2013 ला न्यायालयाने निकाल दिला की मंडळाने कारण दिलेलं नाही, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, म्हणून पेन्शन द्या. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं: भरतीला न नोंदवलेलं अपंगत्व सेवेतलंच धरायचं, आणि ज्याला अपंगत्वामुळे घरी पाठवलं त्याचं अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्त आहे असंच मानायचं. 2015 मध्ये राजबीर सिंग प्रकरणात पुन्हा तेच. मे 2025 मध्ये राजुमन टी. एम. प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितलं की कारण न देता मंडळाने दिलेलं मत टिकणार नाही. त्याच्या आधीच्याच महिन्यात, एप्रिल 2025 मध्ये, फीटच्याच आजारामुळे 1989 साली घरी पाठवलेल्या एका जवानाला न्याय मिळाला. छत्तीस वर्षं. त्या माणसाची बायको या छत्तीस वर्षांत कशी जगली असेल, हे मी कागद न बघता सांगू शकते.

एकच गोष्ट न्यायालयाला बारा वर्षं परत परत सांगावी लागते, तेव्हा खालच्या टेबलावर काहीतरी बदललेलं नाही, एवढं आमच्यासारख्या माणसालाही समजतं.

आता अपिलाबद्दल. तुमच्यापैकी जे अपिलांवर सही करतात त्यांनी हा भाग सावकाश वाचावा, अशी विनंती आहे.

2006 ला दावा नाकारला गेला. पल्टणीतल्या एका मित्राने इंग्रजीत पहिलं अपील लिहून दिलं, ते 2007 ला पाठवलं. सहा-सात महिन्यांनी एक पाकीट आलं, एका पानाचं. गावात इंग्रजी नीट वाचणारे एकच शिक्षक होते. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "नाही म्हणतायत." आम्ही ते ट्रंकेत ठेवलं. संपलं असं समजलो. त्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की सहा महिन्यांत दुसरं अपील करता येतं. ते आम्हाला 2015 मध्ये कळलं. तालुक्याच्या ठिकाणी माजी सैनिकांचा मेळावा होता, तिथे एका निवृत्त सुभेदार मेजर काकांना मी तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं आणि काही बोललेच नाहीत थोडा वेळ.

त्या एका परिच्छेदाची किंमत आठ वर्षं.

पुढचं सगळं त्या काकांनी शिकवलं. माहिती अधिकाराचा अर्ज करून सगळे वैद्यकीय कागद मागवायचे: भरतीची तपासणी, पल्टणीतला वैद्यकीय इतिहास, बोर्डाचं पूर्ण कामकाज, पहिल्या अपिलाच्या निर्णयामागची टिपणं. मी दहा रुपयांचं पोस्टल ऑर्डर लावून अर्ज केला. पहिल्या वेळी अर्धेच कागद आले, दुसऱ्यांदा मागितले तेव्हा बाकीचे. पल्टणीच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी त्यात सापडली. पहारा, कमी झोप, थंडीतली ड्युटी, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. ती चिठ्ठी मंडळासमोर होती. तिच्याबद्दल मंडळाने एक शब्द लिहिलेला नाही. मग 2016 मध्ये मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणात अर्ज दाखल केला. निकाल आमच्या बाजूने लागला. 20 टक्क्यांचे 50 धरले, कारण 1996 पासून 50 च्या खालचं अपंगत्व 50 धरायचं, 50 ते 75 असेल तर 75, आणि त्यावरचं 100, असा सरकारचाच नियम आहे. राम अवतार प्रकरणात 10 डिसेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तो लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला.

पेन्शन लागली. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचं, कार्ड आलं. तोपर्यंत फेनिटोइनच्या गोळ्या आम्ही पदरच्या पैशाने आणत होतो, कारण पेन्शनच नसेल तर बोर्ड आउट झालेला जवान 'माजी सैनिक' या व्याख्येतच बसत नाही. कॅन्टीन नाही, नोकरीतलं आरक्षण नाही, मुलांना शिष्यवृत्ती नाही. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला माजी सैनिकांना पुढच्या रांगेत बसवतात. यजमान मागे उभे राहायचे.

थकबाकी मात्र अर्ज केल्याच्या आधीची तीनच वर्षं मिळाली. हा कुणाचा लहरी निर्णय नाही, हे मला माहीत आहे. तरसेम सिंग यांच्या खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवून दिलंय: दर महिन्याला पेन्शन न मिळणं हा चालू राहणारा अन्याय आहे, म्हणून उशिरा आलं तरी दार बंद होत नाही, पण मागचे पैसे तीन वर्षांपुरतेच. 2006 ते 2013 गेले. मोठी मुलगी त्याच काळात दहावी झाली, बारावी झाली, आणि तिला पुढे नर्सिंगला पाठवायचं राहिलं. ती आता संसारात आहे, तक्रार करत नाही. मी तिच्यासाठी हे लिहीत नाहीये. पण नकाराचं पत्र मराठीत असतं, किंवा हिंदीत तरी, आणि त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलं असतं की अमुक तारखेपर्यंत दुसरं अपील करा, तर ती नर्स झाली असती, असं मला वाटतं. आणि यात तुम्हाला खर्च काय आला असता?

आमचं झालं. मग हे पत्र का? कारण निकाल लागल्याची बातमी कळली तशी माणसं माझ्या अंगणवाडीच्या ओट्यावर यायला लागली. पिशव्या घेऊन. कुणाचा डिसचार्ज बुकाचा कव्हर नसलेला गठ्ठा, कुणाची एक्सरेची पाकिटं. पोषण आहार वाटून झाला की मी त्यांचे कागद बघते. तोफखान्यातले एक काका आहेत, चोवीस वर्षं तोफेजवळ उभे राहिले. त्यांच्याशी बोलताना डाव्या बाजूला बसावं लागतं. त्यांना कानासाठी 20 च्या खालचे टक्के दिले आहेत. 20 च्या खाली म्हणजे काही नाही. एक ताई येतात, त्यांच्या यजमानांना मनाचा आजार आहे. त्या दार लावून घेऊनच बोलतात, आणि फॉर्मवर आजाराचं नाव लिहायला तयार होत नाहीत, मुलीच्या लग्नाचं बघतायत म्हणून. एकांना 2001 साली घरी पाठवलं. त्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद 25 वर्षं ठेवून नंतर नष्ट करतात. त्यांचे कागद गेले, तर त्यांनी दावा कशावर करायचा? आणि 2008 च्या नियमांत तर असं आलंय की 15 वर्षांनंतर दावा केला तर सिद्ध करण्याचा भार जवानावरच. पुरावा तुमच्या कपाटात, भार त्याच्या डोक्यावर. हे मला न्यायाचं वाटत नाही, आणि मी ते इथे स्पष्ट लिहिते.

16 जुलै 2020 चा संरक्षण मंत्रालयाचा एक आदेश आहे. दहा वर्षांच्या आत घरी पाठवलेल्या जवानाचा आजार सेवेशी संबंधित नसला, तरी तो लष्करातल्याच काय, बाहेरच्याही नोकरीसाठी कायमचा असमर्थ झाला असेल, तर त्याला इन्व्हॅलिड पेन्शन द्यायची. हा आदेश मी वाचला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच कुणीतरी तो प्रश्न विचारला होता: हा माणूस घरी जाऊन काय काम करणार? पण पुढे अट आहे. 4 जानेवारी 2019 ला किंवा त्यानंतर जो सेवेत होता, त्यालाच. 2006 चा नाही, 2001 चा नाही. आकडी काय तारीख बघून येते? न्यायाधिकरणाच्या लखनौ खंडपीठाने 2022 मध्ये ही तारीख मनमानी ठरवली. तरी प्रत्येकाने आपापला खटला घेऊन जायचं का?

आमच्या वकीलसाहेबांनी मला अमेरिकेतली पद्धत समजावून सांगितली, म्हणून ती लिहिते. तिथे माजी सैनिकाचं एकच अपंगत्व 60 टक्के असेल, किंवा सगळी मिळून 70 आणि त्यातलं एक किमान 40 असेल, आणि त्यामुळे त्याला पोटापुरतं स्थिर काम करता येत नसेल, तर त्याला 100 टक्क्यांच्या दराने पैसे मिळतात. टक्के तेच राहतात, पैसे पूर्ण. त्याहून कमी टक्के असलेल्यांचा वेगळा विचार करायलाही वाट ठेवली आहे. अर्जात त्याला विचारतात, शेवटचं काम कधी केलं, का सुटलं, कुठे कुठे प्रयत्न केला, शिक्षण किती. दावा नाकारला तर नवा आणि उपयोगी पुरावा घेऊन तो परत येऊ शकतो, आणि एका वर्षाच्या आत आला तर त्याची मूळ तारीख जात नाही. तिथेही लोक वर्षानुवर्षं झगडतात, असं वकीलसाहेब म्हणाले, तिथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पण 'अकरा दिवस गेटवर टिकले' हे वाक्य लिहायला त्यांच्या अर्जात जागा आहे. आमच्या कागदावर ती नव्हती.

आपल्याकडेही हे कुणी सांगितलं नाही असं नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती, सैनिकांचे आणि पेन्शनचे खटले कमी कसे करायचे यासाठी. त्या समितीत कारगिलच्या लढाईत पाय गमावलेले एक मेजरही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल आला. अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने अपिलांवर अपिलं करत राहू नये, हे त्यात स्वच्छ सांगितलं होतं. गोव्याचा माणूस, आपल्या बाजूचा, साधा राहणारा, म्हणून आमच्याकडे त्यांच्याबद्दल आपुलकी आहे. तो अहवाल तुमच्या टेबलावर परत यावा असं मला फार वाटतं.

डॉक्टरसाहेब, तुमच्यावर राग नाही. यजमानांना लष्कराच्या दवाखान्यात ज्यांनी रात्रभर बसून सांभाळलं, तेही तुमच्यातलेच होते. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात आणि खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात तुमच्या लोकांनी किती जणांना परत उभं केलं, हे सातारा-सांगलीच्या गावागावांत माहीत आहे. खडकीतच क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, पहिल्या महायुद्धात 1917 साली अपंग सैनिकांना हातात काम देण्यासाठी सुरू झालेली. म्हणजे जखमी शिपाई पुढे काय काम करणार, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही विचारला गेला होता.

तो पुन्हा विचारा, एवढंच मागते. पुढच्या वेळी एखादा पोरगा तुमच्यासमोर बनियनवर उभा असेल, हात बाजूला घट्ट धरून, तर टक्के लिहून झाल्यावर आणखी एक ओळ लिहा: हा कुठलं काम करू शकेल, कुठलं नाही. गाडी, बंदूक, शिडी, विहीर, मशीन. आणि 'नाही' लिहायचं असेल तर पल्टणीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून, तिचं उत्तर देऊन, का नाही ते लिहा. तुम्ही लिहिलेलं कारण चुकीचं असलं तरी चालेल, आम्ही त्याला उत्तर देऊ. दोन शब्दांना उत्तर देता येत नाही.

आणि अपिलं बघणाऱ्या साहेबांनो, नकाराच्या पत्रावर पुढच्या अपिलाची शेवटची तारीख सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, त्या माणसाच्या भाषेत टाका. 25 वर्षं पूर्ण व्हायला आलेल्या, दावा नाकारलेल्या जवानांचे कागद नष्ट करण्याआधी त्याच्या घरच्या पत्त्यावर एक पत्र पाठवा. जिथे न्यायालयाने तोच प्रश्न आधीच सोडवलाय, तिथे त्याला मुंबईच्या गाडीत बसवू नका. आमच्या गावातून मुंबईला जायचं म्हणजे एक दिवस जायला, एक यायला, आणि आकडी येणाऱ्या माणसासोबत दुसरं कुणीतरी लागतं. मी तेव्हा अंगणवाडीची रजा टाकून जायची, बिनपगारी.

या महिन्यात माझ्या ओट्यावरून चार अर्ज पुन्हा जात आहेत, सगळे स्पीड पोस्टाने, पोच-पावतीसह. त्यातला एक त्या 2001 च्या काकांचा आहे. त्यांना लिहिता येतं, पण हात थरथरतो, म्हणून अर्ज मी लिहिलाय आणि खाली सही त्यांची आहे. सही वाकडी आली आहे, ती खरी आहे. कृपया त्यावरून अर्ज परत पाठवू नका.

आपली विश्वासू,
एका बोर्ड आउट लान्स नाईकाची पत्नी
अंगणवाडी सेविका, तालुका माण, जिल्हा सातारा